यंत्राआधी खुर्ची

मावशीची शुगर ३१८ निघाली ती ऐन वैशाखात, आमरसाच्या दिवशी.

दोन डझन आंबे पिळून झाले होते. हात पदराला पुसले आणि वेलदोडे संपले म्हणून ती खाली उतरली. कोपऱ्यावर मेडिकल. काउंटरवर त्याच आठवड्यात मशीन आलं होतं आणि बाहेर पाटी लागली होती: एका मिनिटात शुगर, फक्त तीस रुपये. मावशीने बोट पुढे केलं. काउंटरवरच्या पोराने स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, थेंब पट्टीला लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. मागे उभ्या असलेल्या दोघींनी तो ऐकला. मालकाने कप्प्यातून ग्लिमेपिराइडचं पाकीट काढलं, ‘सकाळ-संध्याकाळ एक-एक घ्या मावशी, आठ दिवसांनी परत चेक करू,’ म्हणाला आणि हिशोब केला.

मावशीने धसका घेतला. रात्री जेवलीच नाही. गोळी मात्र वेळेवर घेतली. पहाटे तीनला काकांचा फोन आला तेव्हा ती घामाने चिंब झाली होती, बरळत होती, काकांना ओळखत नव्हती. दवाखान्यात शुगर भरली ४१. अर्धा तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये तीन महिन्यांची सरासरी काढली. एचबीए१सी ५.९. मधुमेह म्हणायला ६.५ लागतो. मावशीला मधुमेह नव्हताच. तिच्या बोटाला आंबा होता.

२०११ साली जपानी डॉक्टरांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेह नसलेल्या माणसांना संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला दिली आणि हात न धुता बोट टोचलं. आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पाच-पाच वेळा पुसलं तरी उतरेनात. नळाखाली हात धुतल्यावरच खरा आकडा आला. मावशीच्या त्या मेडिकलमध्ये औषधांचा फ्रिज होता, एसी होता, आइस्क्रीमची वेगळी पेटी होती. नळ नव्हता.

एवढं सोसूनही मेडिकलमध्ये तपासणी व्हावी असंच माझं मत आहे, आणि ते ठाम आहे.

कारण आकडे फार वाईट आहेत. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक, त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख, आणि उच्च रक्तदाब तर शंभरातल्या ३५ जणांना. यातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यात एकदाही बोट टोचून घेतलेलं नाही की दंडाला पट्टा बांधून घेतलेला नाही. रिक्षावाला दवाखान्यात गेला की त्याची अर्ध्या दिवसाची कमाई जाते. धुणीभांडी करणारी बाई सरकारी ओपीडीच्या रांगेत उभी राहिली की तिचा खाडा धरला जातो. तीच बाई मेडिकलमध्ये महिन्यातून चार वेळा जाते. सासूच्या औषधाची बाटली आणायला, पोराचं ओआरएस आणायला, डोकं दुखलं की दोन गोळ्या सुट्या मागायला. मेडिकल सकाळी आठला उघडतं, रात्री साडेदहाला बंद होतं, आणि तिथे कुणी केसपेपर मागत नाही. गावाकडे डॉक्टर शनिवारचा तालुक्याला गेलेला असतो, मेडिकलवाला तिथेच असतो. आजार गाठायचा असेल तर याच काउंटरवर गाठता येईल.

म्हणूनच ते नीट व्हायला हवं. आणि नीट करायचं तर मशीनची ऑर्डर देण्याआधी एक खुर्ची आणा.

आपल्याकडची मेडिकल डोळ्यांसमोर आणा. रस्त्याला लागून दोन पायऱ्या, काचेचं काउंटर, त्याच्या अलीकडे उभी गर्दी. गिऱ्हाईक बसेल अशी जागा बहुतेक दुकानांत नाहीच. मागून स्कूटर जाते, बाजूचा माणूस फोनवर चिठ्ठी वाचून दाखवतो, पैसे आल्याचं सांगणारा डबा दर मिनिटाला बोलतो. या गर्दीत उभ्याने, काउंटरवर कोपर टेकवून बीपी मोजलं जातं आणि जो येईल तो आकडा त्या माणसाच्या नावावर लागतो.

बीपी असं मोजायचं नसतं. पाच मिनिटं स्वस्थ बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. दंड छातीच्या उंचीला. बाही वर सरकवून दंडाला काच बसला असेल तर ती काढायची. लघवी तुंबली असेल तर आधी जाऊन यायचं. अर्ध्या तासात चहा, बिडी, जिना झाला असेल तर थांबायचं. आणि मोजताना बोलायचं नाही. नुसतं बोलण्याने वरचा आकडा दहा-एकाने चढू शकतो. हमालाच्या नाहीतर पैलवानाच्या दंडाला मापात लहान पट्टा बांधला तर आकडा आणखी वर जातो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि तरीही त्या एका दिवसावर ‘तुम्हाला बीपी आहे’ म्हणायचं नाही. १४०/९० च्या वर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा दिसलं, तर पुढचं बोलणं.

यात यंत्राचा भाग किती? पट्टा फुगणं आणि उतरणं, तेवढाच. बाकी सगळा खुर्चीचा. पाठीची खुर्ची, शेजारी टेबल, मध्ये एक पडदा. ‘एवढी जागा कुठून आणायची?’ हा मेडिकलवाल्यांचा प्रश्न रास्त आहे. दहा चौरस मीटरच्या दुकानात खरंच जागा नसते. मग त्या दुकानाने तपासणीची पाटी लावू नये. सगळ्यांनीच सगळं करायला पाहिजे असं कुठे आहे?

पडदा नुसत्या शोभेचा नाही. मावशीचा आकडा दोघींनी ऐकला आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झाला. मावशी साठीची, तिचं काय बिघडलं? पण तिच्या जागी चोवीस वर्षांची लग्नाची मुलगी असती तर? आपल्याकडे स्थळं चष्म्याच्या नंबरावरून मोडतात. शुगर काउंटरवर ओरडून सांगणाऱ्या दुकानात ती मुलगी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, आणि जिथे नीट सांगतात तिथेही जाणार नाही.

आता बोटाचं. घरोघरी असतं ते ग्लुकोमीटर. पहिलं मीटर १९७०च्या सुमारास आलं, किलोभराहून जड होतं आणि डॉक्टरांच्याच टेबलावर असायचं. आज ते मुठीत मावतं. यंत्र गुणी आहे, पण त्याची मर्यादा पाटी लावणाऱ्याने पाठ करायला हवी. जगभर जे मानक मानलं जातं ते सांगतं की १०० च्या वरच्या शुगरला शंभरातल्या ९५ वेळा आकडा खऱ्याच्या १५ टक्के इकडे-तिकडे असला तरी मीटर पास. हिशोब करा. उपाशीपोटी खरी शुगर १२६ असेल, म्हणजे बरोबर मधुमेहाच्या रेषेवर, तर चांगलं चालणारं मीटर १०७ पण दाखवू शकतं आणि १४५ पण. १०७ वाला निश्चिंत होऊन पेढे खातो, १४५ वाला रडत घरी जातो. रक्त तेच. त्यात माणसाच्या अंगात रक्त कमी असेल तर काही मीटर आकडा वाढवून दाखवतात, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. म्हणून काउंटरवरच्या मीटरने कुणालाही मधुमेही ठरवायचं नाही. ‘लॅबमध्ये जाऊन शिरेतलं रक्त द्या’ एवढंच त्याने सांगायचं.

पट्ट्यांची डबी तर सगळ्यात दुर्लक्षित. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूनपासून हवा ओली असते. डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्टीला दमट हवा लागते आणि ती खोटं बोलू लागते. दुपारच्या उन्हात काचेच्या काउंटरवर ठेवलेल्या डबीची तीच गत. डबी उघडली त्या दिवशीची तारीख झाकणावर पेनाने लिहायची, नव्या डबीची पहिली पट्टी साखर किती ते माहीत असलेल्या द्रावणावर तपासायची. हे द्रावण त्याच कंपन्या विकतात. मी आतापर्यंत नऊ मेडिकलमध्ये त्याची चौकशी केली. एकात होतं.

टोचणार कोण? इथे मला राग येतो, आणि तो मी झाकत नाही. फार्मसी कायदा १९४८ चा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हे तेव्हापासून लिहिलेलं आहे. २०१२-१३ च्या काळात महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ‘फार्मासिस्ट हजर नसेल तर विक्री बंद’ हा जुनाच नियम जोरात लावला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवा. भिंतीवर फ्रेममध्ये एकाचं सर्टिफिकेट, काउंटरवर बारावी नापास दुसरा, हे चित्र आजही पुसलेलं नाही. ज्या दुकानात गोळी द्यायला शिकलेला माणूस हजर नसतो, तिथे सुई टोचायला कोण असेल? तपासणी सुरू करायची तर ज्याचं नाव भिंतीवर आहे त्याने पांढरा कोट घालून समोर बसावं. तो जेवायला गेला की तपासणी बंद. पाटी उलटी करून ठेवा, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

डी. फार्म., बी. फार्म. झालेली आपली पोरं हुशार आहेत. औषध शरीरात कुठे जातं, काय करतं, हे ती दोन-दोन, चार-चार वर्षं शिकतात आणि मग आयुष्यभर पाकिटं कापून देतात. फार्मसी कौन्सिलने २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिसचे नियम काढले, त्यात रुग्णाशी बोलणं, त्याला समजावणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून नोंदलं. कागदावर ते काम तेव्हापासून पडून आहे. तपासणीची खुर्ची आली तर निदान त्या निमित्ताने फार्मासिस्ट काउंटरच्या पलीकडून अलीकडे येईल.

यंत्र विकणाऱ्यांपासून सावध राहा. अमेरिकेत वॉलग्रीन्स ही औषधदुकानांची भली मोठी साखळी आहे. २०१३ मध्ये तिने थेरॅनॉस नावाच्या कंपनीशी हात मिळवला. बोटाच्या थेंबावर शेकडो चाचण्या करतो, असं कंपनी सांगत होती. ॲरिझोनात वॉलग्रीन्सच्या चाळीसएक दुकानांत केंद्रं निघाली, लोक भाजी-औषध घेता घेता रक्त देऊन जाऊ लागले. यंत्र सांगितलं तसं चालतच नव्हतं. २०१६ मध्ये सगळी केंद्रं बंद झाली, पुढच्या वर्षी कंपनीने ॲरिझोनाच्या लोकांना ४६ लाख ५० हजार डॉलर परत करायचं कबूल केलं आणि २०२२ च्या जानेवारीत ज्युरीने संस्थापिका एलिझाबेथ होम्सना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी धरलं. एवढी मोठी साखळी यंत्राच्या आत न डोकावताच पुढे गेली होती. आपल्या गल्लीत बॅग घेऊन येणारा कंपनीचा विक्रेता, एमआर, ‘सर, फक्त पट्ट्या घ्या, मशीन फ्री’ म्हणतो, तेव्हा त्याला एकच विचारावं: शेजारच्या लॅबशी ताडून पाहिलेले वीस आकडे दाखव. नाही दाखवले तर चहा पाजून पाठवून द्यावं.

पण माझं खरं दुखणं आकडा आल्यानंतरचं आहे.

मावशीच्या बाबतीत आकडा चुकला, हे वाईटच. त्याहून वाईट हे की आकडा सांगणारा आणि गोळी विकणारा माणूस एकच होता. त्याला मावशीचं वाईट करायचं नव्हतं, मी त्याला ओळखते. पण ज्याच्या गल्ल्यात गोळीचा पैसा पडतो त्याला ३१८ दिसला की हात आपोआप कप्प्याकडे जातो. औषध विकण्याचा परवाना म्हणजे निदान करण्याचा परवाना नाही. म्हणून ज्या दुकानात तपासणी, तिथे त्या आकड्यावर त्या दिवशी एकही गोळी विकायची नाही, हा नियम हवा. डॉक्टरची चिठ्ठी आली की द्या. इंग्लंडमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरपासून औषधदुकानांत चाळिशीपुढच्यांचं बीपी फुकट मोजतात. आकडा जास्त आला तर माणसाला चोवीस तास दंडाला बांधायचं यंत्र देतात आणि निकाल त्याच्या डॉक्टरकडे पाठवतात. फार जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टर. दुकानाला त्या तपासणीची फी सरकार देतं. दुकानदाराची मिळकत मोजण्यात आहे, गोळी गळ्यात मारण्यात नाही, म्हणून ती व्यवस्था उभी राहते.

आपल्याकडे सरकार फी देईल तेव्हा देईल. तोवर तपासणीचे पैसे उघड घ्या, पाटीवर लिहून घ्या. पन्नास घ्या. हात धुवून, बसवून, समजावून सांगण्याचे पन्नास रुपये मी आनंदाने देईन. ‘मोफत शिबिर’ मात्र नको. मोफत शिबिराच्या पेंडॉलमागे बहुतेक वेळा कुणाची तरी गोळी उभी असते. आणि लॅबकडे पाठवण्याचं कमिशनही नको. कट प्रॅक्टिसविरुद्ध २०१७ मध्ये राज्यात कायद्याचा मसुदा झाला होता, कायदा काही झाला नाही. डॉक्टरांचा कट बंद व्हावा म्हणून आपण ओरडतो आणि तोच कट मेडिकलच्या खुर्चीवर आणून बसवायचा?

पाठवायचं कुठे, हे खुर्ची मांडायच्या आधी ठरलेलं हवं. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात ‘आपला दवाखाना’, ओळखीचे दोन डॉक्टर. त्यांना आधी जाऊन भेटा, ‘माझ्याकडून अशी चिठ्ठी घेऊन माणूस येईल’ म्हणून सांगा. आणि काउंटरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. शुगर ७० च्या खाली: आधी तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही न घालता थेट हॉस्पिटल. शुगर ३०० च्या वर आणि उलट्या किंवा धाप: थेट हॉस्पिटल. बीपी १८०/१२० च्या वर: आजच डॉक्टर. त्यात छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल तर १०८ ला फोन. हा कागद नसेल तर मशीन खोक्यातच राहू द्या.

आकड्याची नोंद राहिली नाही तर काय होतं, ते करोनात दिसलं. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती करोना किटला आयसीएमआरने मंजुरी दिली. अडीचशे रुपयांत मेडिकलमधून किट आणायचं, नाकात काडी फिरवायची, पंधरा मिनिटांत निकाल. मोठी सोय झाली. पण निकाल ॲपवर टाकणं लोकांवर सोडलेलं होतं. २०२२ च्या जानेवारीत लाट वर चढली तेव्हा मुंबई महापालिकेला केमिस्टांना सांगावं लागलं, की किट कुणाला विकलं त्याची नोंद ठेवा, रोज कळवा. ही सूचना आठ महिने आधी यायला हवी होती.

आणि नोंद ठेवणं मेडिकलवाल्यांना नवीन नाही. शेड्यूल एच-१ ची वही २०१४ पासून आहे. काही अँटिबायोटिकं, क्षयाची औषधं कुणाच्या चिठ्ठीवर कुणाला दिली ते त्यात लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. तिच्या शेजारी तपासणीची आणखी एक वही, बस.

तापाच्या झटपट तपासणीच्या कार्डांना मात्र हात लावू नका. हे मी हात जोडून सांगते. डेंगीचं एनएस-१ कार्ड तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच कामाचं, आणि सरकारी कार्यक्रमही कार्डावर भरवसा ठेवत नाही, लॅबमधली एलायझा चाचणी करायला सांगतो. टायफॉइडची झटपट कार्डं तर एवढी बेभरवशाची की त्यांच्यावरून गोळ्यांचा कोर्स सुरू करणं म्हणजे नाणं उडवणं. पावसाळ्यात गल्लीत ताप पसरला की घाबरलेली आई कार्ड मागेल, कार्डावर पुसट रेघ दिसेल, आणि अँटिबायोटिकांचा कप्पा हातभर अंतरावर असेल. युगांडात मुकोनो जिल्ह्यात औषधांच्या छोट्या दुकानांतून मलेरियाची कार्डं वापरून पाहिली, आणि मलेरिया नसलेल्यांना मलेरियाची गोळी देणं खरोखर कमी झालं. पण तिथे दुकानदारांना शिकवलेलं होतं, कार्डं पुरवलेली होती, देखरेखीला माणूस होता, पुढे पाठवायची सोय होती. आपण त्यातलं फक्त कार्ड उचलू, ही मला भीती आहे.

एचबीए१सीची छोटी यंत्रंही येऊ घातली आहेत. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती बरी. नंदुरबार, गडचिरोलीत जपून. तिथे सिकलसेल आहे. तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटाच खाली दिसतो आणि खऱ्या मधुमेह्याला ‘तुम्ही ठणठणीत’ असं सांगितलं जातं. लोहाची कमतरता असली की तोच आकडा उलटा वर सरकू शकतो. यंत्र चकचकीत असलं म्हणून गावाचं रक्त बदलत नाही.

सुईचंही सांगते. एक सुई, एक माणूस, लगेच पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम हेच सांगतात. पेनासारखं टोचायचं साधन एकाला वापरून दुसऱ्याला लावलं तर त्यातून कावीळ बी पसरते, सुई बदलली तरी. मेडिकलच्या दारातली ओल्या कचऱ्याची बादली रोज सकाळी कोण उचलतं? हातमोजे नसलेली एक बाई. तिच्या बोटात रुतलेली सुई कुणाच्या रक्ताची, ते तिला कधीच कळणार नाही.

मिरजेत माझ्या ओळखीची एक फार्मासिस्ट आहे. तिच्या दुकानात सहा महिन्यांपूर्वी कोपऱ्यातलं बिस्किटांचं रॅक हललं आणि तिथे पाठीची प्लास्टिकची खुर्ची आली. वर जुन्या साडीचा पडदा. मागच्या मोरीचा नळ तिने दुरुस्त करून घेतला, साबण ठेवला. सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी सहा ते आठ. फक्त बीपी आणि शुगर. दुसरं काही विचारलं तर ती लॅबचा रस्ता दाखवते, लॅबचं नाव सांगत नाही.

तिची वही मी पाहिली. तारीख, वय, उपाशी की जेवून, हात धुतले का, डबीचा बॅच, आकडा, कुठे पाठवलं. शेवटचा रकाना तिने स्वतः आखलेला आहे: परत आले का? दर शनिवारी दुपारी दुकान निवांत असतं तेव्हा ती हा रकाना वरून खाली बघते आणि जिथे रिकामं आहे तिथे फोन लावते. निम्मे फोन लागत नाहीत. काही जण चिडतात. काही जण म्हणतात, ‘ताई, बरं झालं आठवण केलीत.’

मी गेले त्या शनिवारी एक ओळ तीन आठवडे रिकामी होती. मंडईत कांदे-बटाटे विकणारा माणूस, वय ४७, पहिल्यांदा १७२/१०६, बसवून पाच मिनिटांनी १६८/१०४, आरोग्य केंद्राची चिठ्ठी दिलेली. फोन लागला तो शेजाऱ्याकडे. रविवारी सकाळी दुकान उघडण्याआधी ती मंडईत गेली, मीही बरोबर गेले. चिठ्ठी त्याने हरवली नव्हती. तराजूखाली घडी करून ठेवली होती, तराजू डुगडुगू नये म्हणून. ‘धंद्याच्या टायमाला कसा जाऊ ताई?’ तो म्हणाला. तिने विचारलं, मंडई कधी बंद असते? सोमवारी. तिने पिशवीतून वही काढली, त्याच्यासमोर सोमवारची तारीख लिहिली आणि तराजूखाली घालायला खोक्याचा एक पुठ्ठा शोधून दिला.